आज रोख, उद्या उधार
(नव्या उद्योजकासाठी हिशेबाचे चार धडे)



'स्टार्टअप' हा शब्द आता आपल्या कॉलेजच्या आवारात इतका रुळला आहे की कँटीनमध्ये चहाच्या कपामागे एक तरी नवी कल्पना ऐकू येते. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' योजना सुरू केली, तेव्हापासून हा शब्द खेडोपाडी पोचला. शब्द नवा असला तरी त्यामागची गोष्ट जुनीच आहे. कोणीतरी स्वतःच्या जबाबदारीवर माल तयार करतो, तो विकतो, आणि त्यावर घर चालवू पाहतो. ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांनीही केली. त्यांतले काही तरले, बरेच बुडाले. जे बुडाले ते का बुडाले, हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा असा विषय आहे.

मी हा विषय पुस्तकातून निवडलेला नाही. आमच्या बाबांचे गल्लीत किराणा मालाचे दुकान होते. दुकानात दर्शनी भागावर 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी होती. शेजारच्या पानपट्टीवर हीच पाटी कानडीत होती. कानडीत उधारीला 'उद्रि' म्हणतात. शब्दही जवळचा आणि दुखणेही एकच. बाबांनी पाटी लावली, पण ती कधी पाळली नाही. २०१९ साली दुकान बंद केले तेव्हा खतावणीत १ लाख ८४ हजार रुपये येणे होते. ते येणे अजून खतावणीतच आहे. दुकानाला गिऱ्हाईक नव्हते असे नाही. सकाळ-संध्याकाळ गर्दी असे. गर्दी असलेले दुकान बंद का पडते, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावीत होता. त्याचे उत्तर मला आईच्या चटणीच्या पाकिटांनी दिले. ते उत्तर आपणा सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

पहिला धडा : मालाची खरी किंमत

२०२३ च्या दिवाळीनंतर आईने शेंगदाण्याची चटणी करून विकायला सुरुवात केली. चटणी उत्तम होते, हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, खाणारे सांगतात. पाच दुकानदारांनी माल ठेवून घेतला. सहा महिन्यांत महिन्याला ३०० पाकिटे जाऊ लागली. घरात सगळे खूश होते. मात्र महिनाअखेर आईच्या डब्यात पैसे उरत नव्हते. "एवढा माल जातो, मग पैसे जातात कुठं?" असे ती मला विचारी. त्या सत्रात आम्हाला कॉस्ट अकाउंटिंग हा विषय होता. प्राध्यापकांनी एखाद्या वस्तूचे परिव्ययपत्रक करून आणण्यास सांगितले होते. मी चटणी घेतली.

आईचा हिशेब असा होता. दहा किलो चटणीला त्या महिन्याच्या भावाने शेंगदाणे ९ किलो, १३० रुपये दराने ११७० रुपये. मिरचीपूड ६०० ग्रॅम, २४० रुपये. लसूण १ किलो, २०० रुपये. मीठ-जिरे ४० रुपये. एकूण १६५० रुपये. दहा किलोची २०० ग्रॅमची ५० पाकिटे होतात, म्हणजे पाकिटाला ३३ रुपये पडले. छापील किंमत ५२ रुपये होती आणि दुकानदाराला आम्ही ४२ रुपयांना देत होतो. म्हणजे पाकिटामागे ९ रुपये नफा, असे आई धरून चालली होती.

येथे एक गोष्ट तिने बरोबर धरली होती. नऊ किलो दाणे भाजून, साले काढून सव्वाआठ किलो भरतात आणि एक किलो लसूण सोलून पाऊण किलो उरतो. ही घट अनेक नवे व्यावसायिक विसरतात. पण दुसऱ्या बाजूचे खर्च तिने धरलेच नव्हते. रिकामे पाकीट आणि लेबल ४ रुपये. मदतीला येणाऱ्या अक्कांना एका घाण्याचे २०० रुपये, म्हणजे पाकिटाला ४ रुपये. गॅस आणि मिक्सरची वीज २ रुपये. दुकानांत पोचवण्याचे पेट्रोल २ रुपये. असे १२ रुपये आणखी. ३३ आणि १२ मिळून ४५. आम्ही विकत होतो ४२ ला. म्हणजे पाकिटामागे ३ रुपये आम्ही पदरचे घालीत होतो. महिन्याला ३०० पाकिटे, म्हणजे ९०० रुपये तोटा. आणि यात आईच्या कष्टाचा एक पैसाही धरलेला नव्हता.

मी कागद दाखवला तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी जास्त विकलं असतं तर जास्त बुडाले असते." अर्थशास्त्राचा एक अख्खा पाठ तिने एका वाक्यात सांगितला. खप वाढला म्हणजे धंदा वाढला, हा समज फार घातक आहे. पाकिटामागे तोटा असेल तर खपाबरोबर तोटाच वाढतो.

तेव्हा पहिला नियम असा की, माल बाजारात नेण्यापूर्वी एका नगाचा पूर्ण खर्च कागदावर मांडावा. कच्चा माल, घट, वेष्टन, मजुरी, इंधन, वाहतूक, परत येणारा माल, यांपैकी काहीही सोडू नये. घरचे माणूस राबते म्हणून मजुरी फुकट, ही तर सर्वांत मोठी चूक. घरचे माणूस आजारी पडले की ती मजुरी रोख मोजावी लागते.

दुसरा धडा : किती विकले म्हणजे पुरे

आम्ही छापील किंमत ६५ केली आणि दुकानदाराला ५२ रुपयांना देऊ लागलो. म्हणजे दुकानदाराला छापील किमतीवर वीस टक्के सुटतात आणि आम्हाला पाकिटामागे ७ रुपये. दोन दुकानदारांनी माल घेणे बंद केले. पुढच्या महिन्यात खप ३०० वरून १९० वर आला. बाबा म्हणाले, "बघ, गिऱ्हाईक तुटलं." पण हिशेब काय सांगतो? पूर्वी ३०० पाकिटांवर ९०० रुपये तोटा. आता १९० पाकिटांवर १३३० रुपये शिल्लक. खप कमी झाला, पण धंदा सुधारला.

या ७ रुपयांना आमच्या पाठ्यपुस्तकात 'काँट्रिब्यूशन' म्हणतात. माझी दहावी मराठी माध्यमातून झाली. कॉलेजात इंग्रजी पुस्तक हाती आले तेव्हा हा शब्द मी नुसता पाठ केला होता. त्याचा साधा अर्थ इतकाच की, विक्रीच्या किमतीतून त्या नगाचा खर्च वजा जाता जे उरते, ते ठरावीक मासिक खर्च भागवायला हातभार लावते. ठरावीक खर्च म्हणजे माल विकला न विकला तरी द्यावाच लागणारा. आमचा मिक्सरचा हप्ता ८०० रुपये, फोन-वह्या वगैरे ४०० रुपये, आणि आईचा पगार आम्ही ४००० रुपये धरला. एकूण ५२०० रुपये.

आता ५२०० ला ७ ने भागा. ७४३ पाकिटे येतात. म्हणजे फक्त दुकानांतून विकायचे तर महिन्याला ७४३ पाकिटे गेल्यावर कुठे आईला तिचा पगार मिळणार. हाच तो 'ना नफा ना तोटा' बिंदू. पण तेच पाकीट थेट गिऱ्हाइकाला ६५ रुपयांस दिले तर पाकिटामागे २० रुपये उरतात. ५२०० ला २० ने भागले की २६० पाकिटे पुरतात. चटणी तीच, कष्ट तेच. फरक फक्त माल कोणत्या वाटेने गिऱ्हाइकापर्यंत जातो याचा. दुकानदार त्याच्या जागेचे, दिव्याचे आणि वेळेचे पैसे घेतो. ते त्याचे न्याय्य आहे. पण सारा माल त्याच वाटेने जाऊ द्यायचा की नाही, हे आपण हिशेब करून ठरवायचे असते.

सवलतीबाबतही असाच घोटाळा होतो. 'उद्घाटनानिमित्त दहा टक्के सूट' असे सगळेच लिहितात. ६५ रुपयांवर दहा टक्के म्हणजे साडेसहा रुपये. आपले २० रुपये उरत होते ते साडेतेरा झाले. म्हणजे सूट दहा टक्क्यांची, पण आपली शिल्लक जवळजवळ एक तृतीयांश गेली. पूर्वीइतकेच पैसे मिळवायचे तर खप सुमारे दीडपट व्हायला हवा. तो होणार नसेल तर सूट देऊ नये. त्यापेक्षा नव्या गिऱ्हाइकाला चमचाभर चटणी चाखायला द्यावी. तिला खर्च कमी आणि खात्री जास्त.

तिसरा धडा : गिऱ्हाईक कोण

'आमचा माल सर्वांसाठी आहे' असे म्हणणाऱ्याचा माल बहुधा कोणासाठीच नसतो. गिऱ्हाईक ओळखणे हेच विपणनाचे मूळ आहे. जाहिरात त्यानंतर येते.

याचे मोठे उदाहरण आपल्या बेळगावातच घडले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग १८८८ साली येथे सायकलीच्या दुकानाने सुरू झाला. पुढे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगर केला. नांगर लाकडी नांगरापेक्षा चांगला होता, पण शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन नासते असा समज होता. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी जागा दिली आणि कारखाना तेथे गेला. तीच आजची किर्लोस्करवाडी. पुढे १९२० साली कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघाले आणि त्याचेच पुढे मोठे मासिक झाले. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. माल चांगला असणे पुरेसे नसते, गिऱ्हाइकाच्या मनातली शंका फिटावी लागते. आणि ती फिटेपर्यंत तग धरण्याची तयारी ठेवावी लागते.

आमच्या पाकिटावर चटणीचे नाव फक्त मराठीत होते. तसे का, हा विचारच आमच्या मनात आला नव्हता. मदतीला येणाऱ्या अक्का बैलहोंगलकडच्या. त्यांनी एके दिवशी पाकीट हातात घेऊन म्हटले, "यव्वा, इदन्न ओदाक बरंगिल्ल ननग." ज्या बाईने ती चटणी स्वतः कुटली, तिलाच पाकिटावरचे नाव वाचता येत नव्हते. मग अर्ध्या शहराचे काय? मी कॉलेजात कानडी लिहिते-वाचते, मैत्रिणींशी कानडीत बोलते, आणि घरच्या मालावर मात्र एकाच भाषेत लिहिले होते. दुसऱ्या छपाईत नाव मराठी आणि कानडी दोन्ही लिप्यांत घातले. नावात अडचण काहीच नव्हती, कारण कानडीतही 'शेंगा चटणी'च म्हणतात. अक्कांनी स्वतः ती पाकिटे त्यांच्या नातेवाइकांत नेली. भाषेवरून बाहेर काय बोलले जाते ते मला माहीत आहे. व्यापारापुरते मी इतकेच शिकले की, विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलावे आणि हिशेब मात्र स्वतःला कळेल त्या भाषेत ठेवावा.

दुसरे गिऱ्हाईक आम्हाला विचारण्यातून सापडले. मी कॉलेजातल्या आणि वसतिगृहांतल्या तीस मुलामुलींना तीनच प्रश्न विचारले. जेवणाबरोबर काय कमी पडते? त्यासाठी आता काय विकत घेता? किती पैसे देता? 'तुम्ही आमची चटणी घ्याल का?' असे मुद्दाम विचारले नाही. त्याला सगळेच संकोचाने हो म्हणतात आणि कोणी घेत नाही. माणूस काय घेईन म्हणतो यापेक्षा आज कशावर पैसे खर्च करतो, ते पाहावे. उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली. खोलीवर २०० ग्रॅमचे पाकीट उघडले की ते संपण्याआधी मऊ पडते. मग आम्ही १०० ग्रॅमचे पाकीट ३५ रुपयांस काढले. दोन लहान पाकिटांमागे २१ रुपये उरतात. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, शनिवारी माल पोचतो, पैसे तेथल्या तेथे यूपीआयने मिळतात. जाहिरातीवर एक रुपयाही खर्च झाला नाही.

दर्जाविषयीही येथेच लिहिते. मुंबईच्या गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच पुढे 'लिज्जत' झाला. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरातल्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. सुरुवातीस त्यांनी स्वस्तातला हलका पापडही काढला होता. पण वडीलधाऱ्या मार्गदर्शकाच्या सल्ल्याने एकच उत्तम दर्जा ठेवला आणि हिशेबावर बारीक लक्ष ठेवले. देणगी घेतली नाही. आपल्याकडे भांडवल नाही म्हणून रडणाऱ्याने हा ८० रुपयांचा इतिहास आठवावा. मात्र त्यातला हिशेबाचा भाग गाळू नये.

चौथा धडा : नफा आणि रोकड

आता मूळ दुखण्याकडे येऊ. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नफा कागदावर असतो, रोकड डब्यात असते. धंदा बंद पडतो तो बहुधा डबा रिकामा झाल्यामुळे.

पहिल्या वर्षी आमचे पाचही दुकानदार माल जांगड घेत, म्हणजे विकला गेला तर पैसे, नाहीतर माल परत. पैसे यायला सरासरी दीड महिना लागे. पेठेतला शेंगदाण्याचा व्यापारी मात्र आम्हाला रोखीनेच माल देई. महिन्याला ३०० पाकिटे आणि दीड महिन्याची उधारी, म्हणजे ४५० पाकिटांचे पैसे सतत बाजारात अडकलेले. ४५ रुपयांप्रमाणे २० हजार २५० रुपये झाले. हे पैसे कोणाचे? आईने सोन्याची पाटली पतसंस्थेत गहाण ठेवून २० हजार आणले होते, ते हेच. तिला वाटत होते की ते शेंगदाण्यात घातले. खरे म्हणजे ते दुकानदारांच्या गल्ल्यात होते. त्यांच्या खरेदीला भांडवल आम्ही पुरवीत होतो आणि व्याज आम्ही भरीत होतो.

यालाच खेळते भांडवल म्हणतात. धंदा वाढला की ते जास्त लागते, कमी नाही. खप दुप्पट झाला तर अडकणारी रक्कमही दुप्पट होते. बाबांच्या दुकानात गर्दी असूनही ते का बंद पडले, याचे उत्तर मला येथे मिळाले. गर्दी जितकी जास्त तितकी उधारी जास्त, आणि घाऊक व्यापाऱ्याची देणी रोख.

उधारी सर्वस्वी बंद करा असे मी म्हणणार नाही. आपल्या पेठांत ते शक्यही नाही. पण तिला अटी घालता येतात. आम्ही घातल्या त्या अशा. नव्या दुकानदाराला पहिली बारा पाकिटे जांगड देतो. पुढची बारा पहिल्यांचे पैसे आल्यावर. मुदत वीस दिवस. मुदत, भाव आणि परतीची अट डुप्लिकेट बुकात मराठी आणि कानडीत लिहून दुकानदाराची सही घेतो. एका दुकानदारावर एकूण येण्याच्या पंचवीस टक्क्यांहून जास्त रक्कम ठेवत नाही. हा शेवटचा नियम आम्ही ठेच लागल्यावर केला. एका मोठ्या दुकानाकडे १२० पाकिटांचे ६२४० रुपये अडकले. आई अकरा वेळा गेली. शेवटी निम्मे मिळाले, बाकीचे आम्ही बुडीत लिहिले. बुडीत लिहिणे हेही शिकावे लागते. न येणारे पैसे 'येणे' म्हणून दाखवीत राहिले की आपण स्वतःलाच फसवतो. बाबांनी पाच वर्षे तेच केले.

या अटींवरून घरात एकदा वादही झाला. बाबा म्हणाले, "ओळखीच्या माणसाला सही कर कसं म्हणायचं? लाज वाटते." मी म्हटले, "बाबा, अकरा वेळा दारात जाताना आईला वाटली नसेल का?" हे बोलायला नको होते, असे मला नंतर वाटले. बाबांनी उत्तर दिले नाही. पण पुढच्या सोमवारपासून माल पोचवायला तेच जाऊ लागले, आणि सही न घेता ते परत येत नाहीत.

कायद्याचीही मदत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांहून जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. यासाठी माल देण्याआधीच 'उद्यम' नोंदणी झालेली असावी. पण गल्लीतल्या दुकानदारावर कायद्याची काठी उगारण्यापेक्षा पहिल्या दिवशीची लेखी अट बरी.

आणखी एक नियम रोकडीचाच आहे. घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा एका डब्यात ठेवू नये. बँकेत वेगळे खाते काढावे. मालकाने महिन्याच्या ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम घ्यावी आणि ती कीर्दीत लिहावी. मधेच दूधवाल्याला दिलेले शंभर रुपयेही 'उचल' म्हणून लिहावेत. महिन्याला एकदा रोकड मोजून कीर्दीशी ताडून पाहावी. हे काम अर्ध्या तासाचे आहे.

कागदपत्रांविषयी थोडे

'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती मोफत असते, म्हणून तिच्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. खाद्यपदार्थ घरी केला तरी विकण्यासाठी एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. बंद पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, महिना व वर्ष, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच. हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. त्याखेरीज मराठी-कानडी घालायला मोकळीक आहे.

सीमाभागातल्या उद्योजकाने जीएसटीची एक बाब विशेष लक्षात ठेवावी. कर्नाटकातल्या कर्नाटकात माल विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत सामान्यतः नोंदणीची सक्ती नाही. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर, काही अपवाद वगळता, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हुबळी आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या घरात आणि चंदगड त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. तरी हुबळीला माल पाठवणे कागदाने सोपे आणि चंदगडला पाठवणे अवघड. गोव्याचेही तसेच. तेव्हा कोल्हापूर-पणजीची स्वप्ने पाहण्याआधी नोंदणीचा आणि दरमहा विवरणपत्रांचा खर्च नगाच्या किमतीत धरावा.

कर्जासाठी २०१५ साली सुरू झालेली मुद्रा योजना आहे. तिच्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते. परंतु ज्या धंद्यात नगामागे तोटा आहे त्याला कर्जाने तारता येत नाही, फक्त बुडण्याची तारीख पुढे जाते. आधी परिव्ययपत्रक, मग कर्ज.

समारोप

आज आमची चटणी महिन्याला सुमारे २४० पाकिटे दुकानांतून आणि २०० पाकिटांइतकी थेट विकली जाते. २४० चे सातप्रमाणे १६८० आणि २०० चे वीसप्रमाणे ४०००, मिळून ५६८० रुपये. ५२०० चा खर्च भागून ४८० उरतात. आई तिचा पगार घेते. ही काही भरभराट नव्हे, हे मला कळते. एखादा महिना दाण्याचा भाव किलोमागे दहा रुपयांनी चढला तर पाकिटाचा खर्च १ रुपया ८० पैशांनी वाढतो आणि ४४० पाकिटांवर ७९२ रुपये जातात. म्हणजे ती शिल्लक संपते आणि आणखी ३१२ रुपये आईच्या पगारातून जातात. म्हणूनच दर पंधरा दिवसांनी मी भाव पाहून कागद पुन्हा मांडते. पाटली अजून पतसंस्थेतच आहे. तिचे निम्मे कर्ज फिटले आहे.

आपल्यापैकी जे कोणी उद्योग करू इच्छितात त्यांना माझी विनंती एवढीच. कल्पना सुचली की बोधचिन्ह आणि नाव ठरवण्याआधी शंभर पानांची एक वही घ्या. पहिल्या पानावर एका नगाचा पूर्ण खर्च लिहा. दुसऱ्यावर महिन्याचा ठरावीक खर्च आणि त्यासाठी किती नग विकावे लागतील तो आकडा. तिसऱ्यावर ज्या तीस माणसांशी तुम्ही बोललात त्यांची उत्तरे. चौथ्यावर कोणाकडे किती दिवसांचे किती येणे आहे ते. ही चार पाने भरली तर पाचव्या पानाला सुरुवात करा. भरता आली नाहीत तर अजून थांबा. थांबण्यात कमीपणा नाही.

बाबांच्या दुकानाची ती पाटी माळ्यावर होती. मध्यंतरी आईने ती खाली काढली, पुसली आणि पुन्हा वर ठेवून दिली. म्हणाली, "पाटी कशाला? वहीत लिहिलंय की."

— एक विद्यार्थिनी, बी.कॉम. भाग ३